पोरगी खोटं नाही बोलली भाऊ, टेस्टच तशी आहे

नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीला बारावी सायन्सला ७८ टक्के, तिला बीएला सायकॉलॉजी घ्यायचंय, बाबांना पाच वर्षांचं लॉ हवंय. मार्चमध्ये एका सेंटरवर पर्सनॅलिटी टेस्ट केली तर इंट्रोव्हर्ट (अंतर्मुख) निघाली, मे महिन्यात दुसरीकडे केली तर एक्स्ट्रोव्हर्ट (बहिर्मुख). बाबा विचारतात, "मुलगी मुद्दाम खोटी उत्तरं देऊन राहिली असं वाटते. कोणती थिअरी खरी मानायची? आणि इंट्रोव्हर्ट असेलच तर वर्षभरात एक्स्ट्रोव्हर्ट कसं करायचं?"

नमस्कार भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. मार्कांचं टेन्शन घेऊ नका, ७८ मध्ये दोन्ही रस्ते उघडे आहेत. मला खटकलं ते वेगळंच. दोन पानी पत्रात मुलगी काय म्हणाली याचं एकही वाक्य नाही. ती गप्प बसते, उत्तर देत नाही, आईच्या वळणावर गेली, हे सगळं आहे, पण ती बोलली काय ते कुठंच नाही. आणि वर तिला खोटारडी पण ठरवून टाकलं तुम्ही, तेही एका सेंटरच्या प्रिंटआउटच्या भरवशावर.

रिपोर्टचा स्कॅन जोडला ते बरं केलं. चौथ्या पानावर 'लोकांमध्ये मिसळायला आवडत नाही' या ओळीवर पिवळा हायलाइटर मारलाय, तो तुम्हीच मारला असणार. त्याच ओळीच्या बाजूला पेन्सिलनं, अगदी बारीक अक्षरात, 'कोणत्या लोकांमध्ये?' असं लिहिलंय. तुमचं अक्षर पत्रात आहे माझ्यासमोर, हे तुमचं नाही. आता गंमत बघा, हाच प्रश्न वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये विचारला आणि पर्सनॅलिटीच्या अख्ख्या अभ्यासात धुरळा उडाला, पुढं कितीतरी वर्षं दोन बाजूंची मंडळी भांडत होती. त्याचं म्हणणं साधं होतं, की माणूस एका जागी कसा वागला यावरून दुसऱ्या जागी कसा वागेल हे टेस्टवाल्यांना वाटतं तितकं सांगता येत नाही. तुम्हीच लिहिलंय ना, पाहुणे आले की तोंडातून शब्द निघत नाही पण गच्चीवर सोसायटीच्या पोरांना गणित शिकवताना तासभर थांबत नाही? मग ही इंट्रोव्हर्ट का एक्स्ट्रोव्हर्ट? पाहुण्यांना विचारायचं का त्या पोरांना?

आता दोन रिपोर्ट दोन तऱ्हेचे काहून आले ते सांगते. दोन्हीकडे ती मायर्स-ब्रिग्ज (एमबीटीआय) टेस्ट आहे, माणसाला चार इंग्रजी अक्षरांचा टाइप देणारी, असे एकूण १६ टाइप. तिचं मूळ कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाच्या १९२१ च्या पुस्तकात, पण टेस्ट बनवली ती कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी, आणि दोघींपैकी कोणीही रीतसर मानसशास्त्र शिकलेली नव्हती. तेवढ्यानं टेस्ट वाईट ठरत नाही म्हणा. खरी भानगड डब्यांची आहे. ४९ गुण पडले की इंट्रोव्हर्टच्या डब्यात, ५१ पडले की एक्स्ट्रोव्हर्टच्या, आणि बहुतेक माणसं असतात मधोमधच, त्यामुळं महिना-दीड महिन्यानं परत टेस्ट दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. हे तिच्या उत्तरांमुळं नाही, मोजपट्टीमुळं होतं. शिवाय दुसऱ्या वेळी तुम्ही तिच्या बाजूला खुर्ची टाकून बसला होता, हेही तुम्हीच लिहिलंय. बाप शेजारी बसून स्क्रीनकडं बघतोय म्हटल्यावर 'मला स्टेजवर बोलायला आवडतं का' याला अठराची पोरगी दुसरं काय टिक करेल सांगा. आणि ज्या कंपनीची ही टेस्ट आहे ती कंपनीच म्हणते की नोकरीसाठी माणूस निवडायला ही वापरू नका. तुम्ही तर तिच्यावरून आयुष्यभराचा कोर्स निवडून राहिले.

"पण पहिला रिपोर्ट शंभर टक्के जुळला" असं लिहिलंय तुम्ही. जुळणारच. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकानं विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचा खास रिपोर्ट' म्हणून कागद दिला, पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले, म्हणजे अगदी मीच म्हणून. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला! तुमच्या रिपोर्टमधलं 'भावनाशील आहे पण वेळ पडली तर खंबीर होते' हे वाक्य बघा. माझ्या सासूबाईंना लागू पडतं, माझ्या दूधवाल्याला पण लागू पडतं. बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणाऱ्यांकडं पण जाऊन आलात म्हणे, त्यावर मी शब्द खर्च करत नाही, ठसे चोर पकडायला ठीक आहेत.

कोणती थिअरी खरी, तर भाऊ, हा काही निकाल लागलेला खटला नाही. मनाचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या लोकांपैकी फ्रॉइडनं मनाच्या आतली ओढाताण सांगितली, रॉजर्स म्हणाला माणसाला विनाअट स्वीकारलं तर तो आपणच फुलतो (हे तुम्ही दोनदा वाचा), बांडुरानं दाखवलं की मुलं बघून बघून शिकतात. आज संशोधनात सगळ्यात जास्त चालतं ते पाच गुणांचं मॉडेल. त्याची सुरुवात मला फार आवडते, १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी डिक्शनरी चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८,००० शब्द गोळा केले, पुढच्या लोकांनी ते गाळत गाळत पाच गुणांवर आणले. आपल्या वऱ्हाडीतले शब्द गोळा केले असते तर गाळायला अजून दहा वर्षं लागली असती ते सोडा. मुद्दा हा की यात डबे नाहीत, थर्मामीटर आहे. प्रत्येकात पाचही गुण कमीजास्त असतात आणि वयानुसार हळूहळू सरकतात पण. मे मध्ये ४५ डिग्री होतं म्हणून नागपूर 'गरम टाइप' म्हणाल, तर डिसेंबरात स्वेटर काढताच ना?

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र हा, की इंट्रोव्हर्ट म्हणजे लाजाळू, म्हणजे कॉन्फिडन्स नाही, म्हणजे दुरुस्त करायची वस्तू. लाजाळूला बोलायचं असतं पण भीती वाटते. इंट्रोव्हर्टला भीती असेलच असं नाही, त्याला थोड्या माणसांत पुरतं, गर्दीत तो दमतो, बस. भीती असेल तर तिच्यावर उपाय आहे आणि तो जरूर करावा, पण ज्याला अर्धा कप चहा पुरतो त्याला जबरदस्तीनं लोटाभर पाजला तर चहाची आवड लागत नाही, ॲसिडिटी होते. ते ४० दिवसांचं पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट तुम्ही बुक करून ठेवलंय ना, ते हेच आहे. स्टेजवर हात कुठं ठेवायचे ते शिकवतील, स्वभाव बदलणार नाही. आणि वकिली म्हणजे कोर्टात ओरडणं असं वाटत असेल तर एकदा सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात जाऊन बघा, बरंचसं काम फायली वाचण्याचं आणि ड्राफ्टिंगचं असतं, गप्प माणसं पण ते चांगलं करतात.

लॉच्या प्रवेशासाठी सीएलएटी (क्लॅट) आणि राज्याची सीईटी या परीक्षा, हे तुम्हाला माहीतच आहे. सायकॉलॉजीला बीए, मग एमए, क्लिनिकलला (रुग्णांवर उपचार करण्याच्या शाखेला) जायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) मान्यता असलेला कोर्स आणि नोंदणी लागते. तिलाही सांगा, हा विषय म्हणजे मन ओळखण्याची जादू नाही, यात स्टॅटिस्टिक्स असतं आणि पैसा उशिरा येतो. गणित शिकवणारी पोरगी आहे, स्टॅटिस्टिक्सला घाबरणार नाही असं मला वाटतं, पण ते तिच्याकडून ऐकायला आवडेल. तिला चार ओळी लिहू द्या मला. न वाचता पाठवा.

आणि तिला खोटारडी म्हणालात त्याबद्दल सॉरी म्हणून टाका, जेवताना, आईसमोर. रविवारी अकरा वाजताची ती तिसरी टेस्ट कॅन्सल करा. ॲडव्हान्स परत नाही मिळाला तर जाऊ द्या.