बोटीआधीचे तीन दिवस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. चौघी मैत्रिणी, तीन रात्री रोम, मग चिवितावेक्किया बंदरातून सात रात्रींची क्रूझ. तारखा नीट जुळवल्या आहेस. बोट सुटायच्या दिवशीच विमानाने उतरायचा मोह टाळलास, हे तर फारच बरं केलंस. खटकलं ते एवढंच की रोमच्या यादीत सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येक ठिकाणी तुम्ही चौघी एकत्र.

बोटीवर एका केबिनमध्ये दोघी राहणार. दोन बॅगा उघडल्या की पाय ठेवायला जागा नसते. जेवण एका टेबलावर, किनाऱ्यावरची भटकंतीही एकत्र. रोममध्येच एकमेकींचा कंटाळा आला, तर पुढचे सात दिवस काढणं कठीण. म्हणून निदान एक अर्धा दिवस मुद्दाम वेगवेगळ्या फिरा. यात रुसण्यासारखं काही नाही, पण हे नाशिकमध्ये असतानाच बोलून घ्या. तिकडे जाऊन बोललात की कुणाला तरी लागतंच.

व्हॅटिकनचंच बघ. तिथल्या संग्रहालयात दालनामागून दालनं पार करून सिस्टीन चॅपेलपर्यंत पोचायला तीनेक तास सहज जातात, आणि चॅपेलमध्ये फोटो काढायला मनाई आहे. तुला चित्रांचं वेड आहे, तू जा. जिला नाही तिला ओढत नेलंस तर तिचेही पाय दुखणार आणि तुझाही आनंद जाणार. संग्रहालय रविवारी बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं आणि फुकट असतं, पण त्या रांगेत तुम्ही उभ्या राहू नका. तिथल्याच सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, ओढणी पर्समध्येच ठेव. आणि पँथिऑन, म्हणजे रोममधलं ते प्राचीन देऊळ, आता फुकट नाही, 2023 च्या जुलैपासून तिकीट लागतं.

वेगळं व्हायचं तर भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा. सिंहस्थात रामकुंडाकडे निघताना घरची माणसं चुकलो तर कुठे थांबायचं ते सांगूनच निघतात, तेच इथे करा. नुसतं ‘तेर्मिनी स्टेशनवर’ म्हणू नका, रोमचं ते मुख्य स्टेशन भलंमोठं आहे. कुठलं दार, कुठलं दुकान, ते सांगा. पाकीटमार त्याच स्टेशनच्या आसपास आणि व्हॅटिकनकडे जाणाऱ्या 64 नंबरच्या बसमध्ये जास्त. पाठीवरची सॅक गर्दीत पोटावर घ्यायची.

पैशाचं तर आताच मिटवा. जेवण आणि बस-मेट्रो वर्गणीतून, खरेदी ज्याची त्याची. वाइन पिणारीचं बिल न पिणारीच्या माथी मारू नका, मग आपलं गाव द्राक्षांचं असो नाहीतर काही. हॉटेलात माणशी, रात्रीमागे शहराचा कर वेगळा भरावा लागतो, तोही वर्गणीत धर. पाण्यावर मात्र खर्च करू नका. रस्तोरस्ती नळ वाहत असतात, पाणी प्यायचंच असतं, बाटली भरून घ्या.

आता बोटीचा दिवस. त्या दिवशी रोम बघायचं नाही. ‘सकाळी एवढं एकच चर्च’ हेसुद्धा नाही. चिवितावेक्किया सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. तेर्मिनीहून लोकल गाडीला तास-सव्वा तास लागतो, आणि स्टेशनावरून बोटीपर्यंत पुन्हा बस. इटलीत रेल्वेचे संप होतात, पण ते आधी जाहीर होतात. आठवडाभर आधीपासून बघत राहा. संपातही कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 मध्ये ठरावीक गाड्या सोडतात, म्हणजे वेळ पडली तर पहाटे उठायचं. बोट पाचला सुटते याचा अर्थ पाचला पोचायचं असा नव्हे, चेक-इन बरंच आधी बंद होतं. चुकली, तर पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठावं लागतं.

धक्क्यावर मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत केबिनशी येतात. पासपोर्ट, औषधं, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा. इस्त्री आणि किटली नेऊ नकोस, आगीच्या भीतीने जप्त करतात. बोट निघाली की फोन फ्लाइट मोडवर टाक. नाहीतर तो बोटीच्या नेटवर्कला चिकटतो आणि बिल बघून बाबा मला फोन करतील.

आईला सांग, तूप द्यायचं नाही. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. द्राक्षंही नाहीत. आपली द्राक्षं कंटेनर भरून तिकडे जातात खरी, पण ती तपासणीच्या दाखल्यासह. चिवडा खुशाल ने, आणि दोन पाकिटं जास्तच ने. चौथ्या दिवशी पास्त्याकडे बघवत नाही.

राहिला व्हिसा. तुमची बोट मध्ये कुशादासीला, म्हणजे तुर्कस्तानात, लागते. तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. तिथून ग्रीसच्या बेटावर आलात की तुम्ही शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरता, म्हणून मल्टिपल एंट्रीच मागायची, सिंगल चालणार नाही. सगळ्यात जास्त मुक्काम इटलीत, तेव्हा अर्ज इटलीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. विमा किमान 30,000 युरोचा लागतो, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने तरी चालू हवा. तुर्कस्तानात उतरायला काय लागेल ते क्रूझ कंपनीला आत्ताच विचार आणि उत्तर लेखी घे.

मुंबईची अपॉइंटमेंट शक्यतो दुपारची घ्या. सकाळची असेल तर आदल्या रात्री दादरला मावशीकडे राहा, कसारा घाटात ट्रक आडवा झाला की कुणाचं चालत नाही. चौघींचे कागद घेऊन रविवारी चारनंतर घरी ये, एकदा नजरेखालून घालतो. त्या दिवशी मैत्रिणींनाही आण, वर्गणीचं माझ्यासमोरच ठरू दे.

तुझा,
काका
गंगापूर रोड, नाशिक