आधी साखळी लिहून काढ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि राग आला. तुझा नव्हे, तुला दोन्हीकडून ओढणाऱ्यांचा. पुढच्या सौरवादळात इंटरनेट महिनोन्महिने बंद पडणार, मोबाइल जळणार, असे निरोप मित्र पाठवतायत. आणि २०३८ साली संगणकांतल्या तारखा चुकतील हा विषय तू काढलास की वरिष्ठ हसून म्हणतात, '२००० साली संगणक कोलमडणार म्हणून वाय-टू-के झालं, तसलंच हेही थोतांड.' यात विश्वास कुणावर ठेवायचा, असं तू विचारतोस. कुणावरच ठेवू नकोस. साखळी लिहून काढ.

मी हे एकच सांगत आले आहे आणि यापुढेही सांगणार. भाकीत कसलंही असो, कागद घे. सुरुवात कशानं होते, ते कोणत्या मार्गानं पोचतं, नेमकी कोणती वस्तू बिघडते, ती बिघडल्यावर पुढे काय अडतं. एका ओळीत एकच कडी. प्रत्येक कडीपुढे हेही लिही की हे मोजतं कोण आणि कशानं. बहुतेक घबराट दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच अडते, कारण ओरडणाऱ्याला पुढची कडी माहीतच नसते. आणि साखळी शेवटपर्यंत गेली तर घाबरत बसायला सवड मिळत नाही, कामाला लागावं लागतं.

वाय-टू-केची साखळी शेवटपर्यंत जात होती, हे तुझ्या वरिष्ठांना सांग. एके काळी साठवणीची एकेक अक्षराची जागा महाग होती, म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवले जात. १९६५ चा जन्म म्हणजे ६५. १९९९ साली वय काढताना ९९ वजा ६५, उत्तर ३४, बरोबर. पुढच्याच वर्षी शून्य वजा ६५, म्हणजे वय उणे ६५. हा उणे आकडा मग निवृत्तिवेतनात, व्याजात, मुदतीत शिरतो. दुरुस्तीचे मुख्य मार्ग दोन होते. एक, रकाना चार आकडी करायचा आणि त्या फाइलला हात लावणारा प्रत्येक प्रोग्रॅम बदलायचा. दुसरा, रकाना तसाच ठेवून एक सीमावर्ष धरायचं, समजा ५०. मग ०० ते ४९ म्हणजे दोन हजारचं शतक आणि ५० ते ९९ म्हणजे एकोणीसशेचं. हा मार्ग स्वस्त, पण त्यात दुखणं फक्त पुढे ढकललं जातं. चाचण्याही एकट्या १ जानेवारीच्या नव्हत्या. २९ फेब्रुवारी २००० ची चाचणी लागायची, कारण शंभरानं भाग जाणारं वर्ष लीप नसतं, पण चारशेनं भाग जाणारं असतं, आणि नियमाचा पहिलाच अर्धा भाग पाळणारा कोड असू शकत होता. वर्षाच्या ३६६ व्या दिवसाचीही चाचणी लागायची.

जे निसटलं ते दिसलंच. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचं कामच अचूक वेळ राखणं. तिच्या संकेतस्थळावर १ जानेवारी २००० ला वर्ष झळकलं १९१००. कारण एवढंसं: १९०० पासून किती वर्षं झाली हा आकडा प्रोग्रॅमला मिळत होता, तो ९९ चा १०० झाला, आणि प्रोग्रॅमनं नेहमीप्रमाणे त्याच्या आधी '१९' चिकटवलं. हे हसण्यावारी नेता येईल. इंग्लंडमधल्या शेफील्डचं नेता येत नाही. तिथं गर्भवतींच्या तपासणीचा संगणक आईचं वय चुकीचं काढत राहिला, आणि दीडशेहून अधिक स्त्रियांना बाळाच्या डाउन सिंड्रोमच्या धोक्याचा चुकीचा अंदाज मिळाला.

'काही झालंच नाही' म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. मला आजही हळहळ वाटते की त्या वर्षांत राबलेल्यांच्या कामाचा हिशेब लोकांपुढे नीट मांडला गेला नाही. किती ओळी तपासल्या, किती ठिकाणी चूक निघाली, दुरुस्त केली नसती तर कुठलं बिल चुकलं असतं. तो मांडला असता तर तुला आज हे टोमणे ऐकावे लागले नसते. विमानं आकाशातून पडणार, हे मात्र खरंच थोतांड होतं. पंखांना उचल मिळायला साल लागत नाही. एकाच भाकिताच्या पोटात खरी साखळी आणि तुटकी साखळी दोन्ही असतात, म्हणून तर म्हणते, लिहून काढ.

२०३८ ची साखळी तर वाय-टू-केपेक्षाही स्वच्छ आहे. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजायचे आणि ते ३२ बिटांच्या, म्हणजे शून्य-एकच्या ३२ जागांच्या, चिन्हासहित (अधिक-उणे दोन्ही धरणाऱ्या) संख्येत ठेवायचे. तिची कमाल २,१४,७४,८३,६४७. ही कमाल १९ जानेवारी २०३८ ला जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी गाठली जाते. पुढच्या सेकंदाला संख्या उणे होते आणि घड्याळ १३ डिसेंबर १९०१ दाखवतं. त्यासाठी २०३८ उजाडायचीही वाट बघावी लागत नाही. वीस वर्षांच्या मुदतीची शेवटची तारीख आज काढ, ती या सीमेपलीकडे पडते.

वरिष्ठांशी वाद घालण्यापेक्षा कामाला लाग. आधी यादी कर, आणि यंत्रांच्या आधी साठवणीची कर: कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या संदेशात, डेटाबेसच्या कोणत्या स्तंभात वेळ चार बाइटमध्ये, म्हणजे ३२ बिटांत, बसवली आहे. यंत्र ६४ बिटी आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस. वेळ साध्या इंट (बहुधा ३२ बिटी पूर्णांक) प्रकारात टाकणारी एक ओळ पुरते. कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर बहुधा तक्रारही करत नाही, वरचे बिट गुपचूप गळून पडतात. मायएसक्यूएल या डेटाबेसमधला टाइमस्टॅम्प प्रकारचा स्तंभ नेमका त्याच सेकंदाला संपतो, डेटटाइम ९९९९ सालापर्यंत जातो. पण बदल करताना फसशील: टाइमस्टॅम्प आतून जागतिक वेळेत असतो आणि सत्राच्या (डेटाबेसशी त्या वेळच्या जोडणीच्या) वेळक्षेत्रानुसार बदलून दाखवला जातो, डेटटाइम जसा लिहिला तसाच राहतो. म्हणून रूपांतर करणाऱ्या सत्राचं वेळक्षेत्र आधी शून्यावर आण, नाहीतर सगळ्या नोंदी काही तासांनी सरकून बसतील. आणि ज्या कोडनं त्या वाचायच्या, त्यालाही त्या जागतिक वेळेतल्या आहेत हे सांग.

उपकरणात ३२ बिटी लिनक्स असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.६ किंवा पुढचा हवा आणि ग्लिबसी (प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी) २.३४ किंवा पुढची. तरीही ६४ बिटी वेळ आपोआप मिळत नाही. कंपाइल करताना वेळेचे बिट ६४ आणि फाइल-ऑफसेटचे (फाइलमधली जागा सांगणाऱ्या आकड्याचे) बिट ६४ हे दोन्ही पर्याय द्यावे लागतात. आणि तेही सगळ्या लायब्ररींना एकदम. अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या ठेवल्यास तर एकीला डेटाच्या रचनेत वेळ चार बाइटची वाटते, दुसरीला आठ, आणि पुढची सगळी क्षेत्रं सरकतात. हा बिघाड तारखेसारखा दिसतच नाही, म्हणून शोधताना दिवस जातात. कुणी सुचवेल की संख्या चिन्हरहित कर, २१०६ पर्यंत चालेल. चालेल, पण १९७० पूर्वीच्या तारखा जातात आणि 'वेळ मिळाली नाही' हे कळवणारा उणे एकही हरवतो.

चाचणीचं यंत्र नेटवर्कपासून तोड आणि वेळ जुळवणारी सेवा बंद कर, नाहीतर ती घड्याळ परत मागे आणेल. घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १० मिनिटांवर लाव, सीमा चालू अवस्थेत ओलांडू दे, मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू कर. चालू असताना तगलेलं यंत्र पुन्हा सुरू होताना मान टाकू शकतं. सुरक्षा प्रमाणपत्रं त्या तारखेला मुदतबाह्य ठरतील, त्या त्रुटी वेगळ्या काढ, त्यांचा या दोषाशी संबंध नाही.

लोक मला कोरडी म्हणतात. घाबरलेल्याला धीर द्यायचा सोडून कागद पुढे करते म्हणतात. म्हणू देत. दिलेला धीर पुढचा निरोप येईपर्यंत टिकतो. स्वतःच्या हातानं लिहिलेली साखळी पुढच्या निरोपालाही उपयोगी पडते. याबाबतीत मी हट्टी आहे आणि हट्टीच राहणार.

आता सौरवादळ. सूर्यावरून भारित कणांचा ढग निघतो, फार वेगवान असेल तर पंधरा-अठरा तासांत, एरवी दोन-तीन दिवसांत पृथ्वीजवळ येतो. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र हेलकावतं, त्यानं जमिनीत विद्युतक्षेत्र तयार होतं, मोठ्या वादळातही किलोमीटरला काही व्होल्टच. इथं थांब आणि विचार: मोबाइल किती किलोमीटर लांब आहे? शेकडो किलोमीटरच्या वीजवाहिनीत मात्र हेच व्होल्ट साठत जातात आणि ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीशी जोडलेल्या न्यूट्रलमधून जवळजवळ एकदिश प्रवाह वाहतो. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्यात संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही), गरम होतो, हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटीतले प्रवाह) सोडतो, आणि त्यांनी संरक्षक यंत्रणा ट्रिप होते. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेकचं जाळं असंच सुमारे दीड मिनिटात कोसळलं, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. १८५९ च्या वादळात तारायंत्रं बिघडली तीही तारा लांब होत्या म्हणूनच. समुद्राखालच्या केबलमधला काचेचा तंतू सुरक्षित आहे, पण वाटेत संकेत वाढवणाऱ्या रिपीटरांना वीज नेणारा तांब्याचा वाहक हजारो किलोमीटर लांब असतो. म्हणजे 'इंटरनेट बंद' ही कडी त्या वाहकावर आणि त्याच्या वीजपुरवठ्यावर येऊन थांबते. मित्रांना तिथला प्रश्न विचार. मोजणारेही आहेत: सूर्याच्या दिशेनं पंधरा लाख किलोमीटरवरचं यान चुंबकक्षेत्राची दिशा पाहून साधारण पाव ते एक तास आधी इशारा देतं. एवढ्या वेळात वीजजाळं सांभाळणाऱ्यांना भार वाटून घेता येतो, चालू देखभाल थांबवता येते.

जिनिव्हाजवळच्या हॅड्रॉन कोलायडरबद्दलही (प्रोटॉन प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राबद्दल) तू विचारलं आहेस, ते थोडक्यात. २००८ साली अनेकांना भीती होती की त्या टकरींतून कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळेल. तिथल्या नियोजित १४ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या टकरींपेक्षा जोरदार टकरी वैश्विक किरण वातावरणात अब्जावधी वर्षं करत आले आहेत. यावर एक आक्षेप खरोखर चांगला होता: किरणांच्या टकरीतून निघालेलं काहीही वेगानं पृथ्वीच्या आरपार निघून जाईल, यंत्रातलं मंद असू शकेल. त्याचं उत्तर श्वेतबटू आणि न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन अवशेष, देतात. ते इतके घन आहेत की तसलं काही त्यांच्यात अडकलंच असतं, आणि तरी ते शाबूत आहेत. यंत्र बिघडलं, पण वेगळ्याच कारणानं. सुरू झाल्यावर नऊच दिवसांनी दोन चुंबकांमधला विद्युतजोड निकामी झाला आणि काही टन हेलियम बोगद्यात सुटला. त्या जोडाबद्दल कुणी मोर्चा काढला नव्हता.

टक्क्यांबद्दल सावध राहा. २०२४ वायआर४ या लघुग्रहाची २०३२ मधली धडकेची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये वाढत वाढत ३.१ टक्क्यांवर गेली आणि लोकांना वाटलं, आता काही खरं नाही. काही दिवसांतच ती जवळपास शून्यावर आली. यात कुणी काही लपवलं नव्हतं. अनिश्चिततेचा पट्टा प्रत्येक निरीक्षणानं आखडतो. पृथ्वी त्या पट्ट्याच्या आत आहे तोवर तिचा वाटा वाढत जातो, पट्टा तिच्यावरून सरकला की एकदम गळतो. अपोफिस या लघुग्रहाचंही २००४ मध्ये असंच झालं, २.७ टक्के आणि मग जुन्या छायाचित्रांनी खाली. वाढता आकडा हे संकट वाढल्याचं लक्षण नसतं, मोजमाप सुधारल्याचं असतं.

कृत्रिम बुद्धिमत्ता मानवजात संपवण्याची शक्यता अमुक टक्के, हा आकडा या जातीचा नाही. त्यामागे निरीक्षणांवरून काढलेली कक्षा नाही, एखाद्याचं मत आहे. म्हणून ती भीती खोटी ठरवू नकोस आणि टक्केही पुढे पाठवू नकोस. तिचे तुकडे पाड. हा प्रोग्रॅम कोणत्या यंत्रणेला आज्ञा देऊ शकतो? त्याला दिलेले अधिकार कुणी तपासले? चुकीची आज्ञा गेली तर माणसाच्या मंजुरीशिवाय ती अमलात येते का? नोंदी कुठे राहतात, बंद करण्याची कळ कुणाच्या हातात आहे आणि ती शेवटची कधी चालवून पाहिली? ज्या कडीवर उत्तर येत नाही तिथं बोट ठेव, आणि उत्तर आल्याशिवाय पुढचा अधिकार देऊ नका असं ठणकावून सांग. तिथं मला तू गप्प बसलेला चालणार नाही.

यादीत चार बाइटचे स्तंभ किती निघाले ते कळव. बाहेरून आलेल्या फाइलींचे नमुने वगळू नकोस, त्यांचं स्वरूप तुझ्या हातात नसतं आणि ते बदलून घ्यायला सर्वांत जास्त वेळ लागतो.