भुईमुगाला टपोरंच बी हवं का?

प्रश्न : भात कापल्यावर वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या हंगामात) भुईमूग घालते. घरच्या शेंगांचे दाणे यंदा बारीक आहेत. दुकानातले टपोरे आणून पेरू का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : नको ताई. मी हे करून बसलोय. खायचे दाणे, एकसारखे, लालबुंद, बघूनच भुललो. दहाव्या दिवशी ओळीत जागोजाग खाडे. उकरून पाहिलं तर दाणे कुजलेले. यंत्रावर फोडताना सालपट खरचटतं, तिथूनच बुरशी आत शिरते. ते वर्ष हातचं गेलं.

तुमचे दाणे आधी निवडा. सुरकुतलेला दाणा न भरलेला असतो, त्याचं रोप अशक्त निघतं. तो चटणीला ठेवा. पण बारीक असून टच्च भरलेला असेल तर खुशाल पेरा. रोप सुरुवातीला किरकोळ दिसेल, तरी ओळी भरलेल्या असल्या तर पुढे बरंच सावरतं. आणि बी किलोवर धरू नका, दाण्यांवर धरा. 30 बाय 10 सेंटीमीटर अंतराला हेक्टरी सुमारे 3.33 लाख दाणे लागतात. शंभर दाणे 40 ग्रॅम भरले तर 133 किलो, 30 ग्रॅम भरले तर 100 किलो.

मला खरी धास्ती वेगळी. एप्रिलमध्ये काढलेल्या तुमच्या बियाण्याने आपला अख्खा पावसाळा घरात काढलाय. शेंगेतच ठेवलंय ना? फोडून ठेवलेलं बी या दमट हवेत फार लवकर मरतं. पेरणीच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा. प्रमाणित बियाण्यालाही किमान 70 टक्के उगवण लागते. त्याखाली आलं तर कृषी कार्यालयातून नवं घ्या.

आणखी एक. चार-पाच दाणे भिजवून दोन फाकी उघडून बघा. आतला कोंब काळपट दिसला तर ज्या जमिनीत ते बी पिकलं तिथे कॅल्शियम कमी पडलं. आपल्या आंबट जांभ्या मातीत हे होतं, कारण वाढती शेंग कॅल्शियम मुळांकडून नाही, टरफलातून थेट मातीतून घेते. असं बी वरून कितीही देखणं असो, टाकून द्या. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी एक कोपरा वेगळा राखा, फुलोऱ्यात तिथे जिप्सम घाला, आणि त्या शेंगा पूर्ण पिकल्याशिवाय उपटू नका.

यंदाच्या शेंगा मात्र पेरणीच्या दोन-तीन दिवस आधीच, हाताने फोडा.