घराजवळ नवीन चायनीज रेस्टॉरंट उघडलंय, रविवारी आई-बाबांना आणि मुलांना घेऊन जावं का? बाबा म्हणतात अजिनोमोटो म्हणजे विष. पहिल्यांदा जाताना काय मागवावं?

न्या. बिनधास्त न्या. खरं तर उत्तर एवढंच आहे, पण "विष" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. हाच शब्द मी माझ्या घरात, माझ्याच बाबतीत ऐकलाय आणि तो अजून डोक्यातनं गेलेला नाही.

२००६ ते २०१० मी साताऱ्यात मामाच्या चायनीजच्या गाडीवर काम केलं. कॉलेज सकाळचं, दुपारी दोनला गाडीवर हजर. कोबी, गाजर, सिमला मिरची चिरायची, आलं-लसूण बारीक करायचं, भात शिजवून मोठ्या परातीत पसरून पंख्याखाली ठेवायचा, नूडल्स उकडून गार पाण्यातनं काढून तेलाचा हात लावून ठेवायच्या. शेजवान चटणी मामी घरी करायची, बेडगी मिरच्या भिजवून वाटायच्या आणि लसूण तेलात परतून त्यात ते वाटण शिजवायचं, वाटायचं काम माझ्याकडे असलं की हात रात्रभर भगभगायचे. भट्टीवर उभा राहायचा तो नेपाळचा. गिऱ्हाईक त्याला बहादूर म्हणायचं, त्याचं नाव ते नव्हतंच, मी दाजू म्हणायचो. कढई त्यानेच शिकवली मला. कढई धूर सोडेपर्यंत तापली पाहिजे, मग तेल, मग भाजी अर्धा मिनिट, आणि भात टाकला की झारा थांबवायचा नाही. भात गारच पाहिजे, गरम भात टाकला की लगदा होतो.

या गाडीवर माझी बी.कॉम.ची तीन वर्षं आणि बहिणीची बारावी झाली. आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटी डेपोत होते, पगार किती असायचा ते एसटीवाल्यांच्या घरातल्यांना सांगायला नको.

२००८ ला चुलत बहिणीचा साखरपुडा होता. पंगत बसलेली, मी वाढत होतो, आणि काका (आण्णांचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना घाबरून असायचो) व्याह्यांना माझी ओळख करून देताना म्हणाले, "हा आमचा पुतण्या, लोकांना अजिनोमोटोचं विष खायला घालून शिकतोय." सगळे हसले. आण्णा ताटात बघत राहिले. ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या चार वर्षांत एकदाही गाडीवर जेवले नाहीत. रोज संध्याकाळी डेपोतनं घरी जाताना गाडीवरनंच जायचे, सायकल हळू करायचे, "येतो" म्हणायचे आणि पुढं जायचे.

आता अजिनोमोटोचं सांगतो. ते कंपनीचं नाव आहे, पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ मध्ये टोकियोचे प्राध्यापक किकुनाए इकेडा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातनं त्यातलं ग्लुटामेट वेगळं काढलं, रश्श्याला एवढी चव कशाने येते ते शोधत होते. तेच ग्लुटामेट टोमॅटोत असतं, मश्रूममध्ये असतं, मुरलेल्या चीजमध्ये भरपूर असतं. मग विष कुठनं आलं? १९६८ मध्ये अमेरिकेत एका डॉक्टरने वैद्यकीय मासिकाला पत्र लिहिलं, चायनीज हॉटेलात जेवलं की मान बधिर होते, छातीत धडधडतं, कारण काय असेल? सोया सॉस असेल, वाइन असेल, मीठ असेल, नाहीतर हे असेल, असं त्यात होतं. एक पत्र, त्यात प्रश्नचिन्ह, आणि लोकांनी त्यातला एकच पदार्थ उचलून धरला. पुढे ज्यांना त्रास होतो म्हणायचे त्यांनाच, कशात काय आहे ते न सांगता, खायला देऊन बघितलं. जेवणातनं जेवढं पोटात जातं तेवढ्याने तो त्रास पुन्हा पुन्हा होतो असं काही निघालं नाही. आपल्याकडेही ते ठरावीक पदार्थांत कायद्याने चालतं, बारा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र देऊ नये असं आहे. आणि जो माणूस चायनीजला विष म्हणतो त्याच्या स्वयंपाकघरातली मसाल्याची आणि खाऊची पाकिटं उलटी करून बघा, ६२१ नंबर दिसला की समजा तेच आहे.

तर आता आमचा रविवार. गेल्या वर्षी आमच्या इथे फॅमिली चायनीज उघडलं, एसी, काचेचं दार, बाहेर लाल कंदील. माझ्या पोरीने पंधरा दिवस डोकं खाल्लं. आण्णा आता रिटायर, आई माळकरी, आणि नेमके काका-काकू त्या दिवशी आलेले, मग त्यांना सोडून कसं जाणार. सात जण गेलो. मेनूकार्ड चौदा पानांचं. मी ते उघडायच्या आत काकांनी वेटरला बोलावलं आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं सांगितलं, "अजिनोमोटो अजिबात टाकायचं नाही, आम्हाला कळतं."

मी गप्प बसलो. वेटरला मी वेगळंच विचारलं, की व्हेजची कढई वेगळी आहे का. आईसाठी. हा प्रश्न तुम्हीही विचारा, तुमची आई माळकरी नसली तरी श्रावण आहे, चतुर्थी आहे, घरात कोणी ना कोणी असतंच. मामाने गाडीवर व्हेजची कढई आणि झारा वेगळा ठेवलेला, लाल दोरी बांधून, आणि दाजू ती कधी चुकला नाही. त्या पोराने सरळ सांगितलं, "साहेब, कढई वेगळी आहे, पण तळायचं तेल एकच आहे, चिकन लॉलीपॉप त्यातच तळतो." मला तिथंच ते हॉटेल आवडलं. आईसाठी मंचुरियन रद्द केलं, तिला व्हेज फ्राइड राइस आणि स्वीट कॉर्न सूप, बाकीच्यांना मंचाव वन बाय टू.

सूप आलं, बरं होतं. पोरीने वरच्या तळलेल्या नूडल्स सगळ्यांच्या वाट्यांतनं गोळा केल्या. मग फ्राइड राइस आला. मी आधी आण्णांना वाढला. त्यांनी एक चमचा घेतला, मग चमच्याच्या टोकाने ताटातली शितं बाजूला बाजूला करून बघितली. सगळी मोकळी, एकाला एक चिकटलेलं नाही, कोबी अजून कुरकुरीत, ताटाला तेल सुटलेलं नाही. आणि वर न बघता मला म्हणाले, "तुझ्या गाडीवर असाच व्हायचा का रं?"

पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गाडीबद्दल काहीतरी विचारलं. मी "हो" म्हणलं. मग सांगायला लागलो, भात दुपारीच कसा शिजवायचा, किती पसरायचा, दाजू कसा कढई उडवायचा, आणि ते जेवत जेवत ऐकत होते, मधेच विचारत होते, "मग भात उरला तर?" उरला तर टाकून द्यायचा, आण्णा. मामा कालचा भात कधी वापरायचा नाही, भात शिजवून तसाच पडून राहिला की त्याने पोट बिघडतं, खरं विष म्हणायचं तर ते.

तेवढ्यात काका म्हणाले, "भात कसला घेऊन बसलाय, त्या पांढऱ्या पावडरीचं बोल. डोकं जड झालंय माझं आत्ताच." आता त्यांनीच नको म्हणून सांगितलं होतं, आणि वेटरने तसं लिहूनही घेतलेलं. मी तेच म्हणलं. आणि म्हणलं, काका, घरी नातवाला रोज चारला मसाला नूडल्सचं पाकीट तुम्हीच करून देता ना, त्याच्या मागं काय लिहिलंय वाचलंय का कधी. काका तापले. "तू मला शिकवू नकोस." आणि आण्णा, जे माझ्या आठवणीत थोरल्या भावासमोर कधी बोललेले नाहीत, हातातला चमचा खाली ठेवून म्हणाले, "दादा, पोरगं चार वर्षं भट्टीवर उभं राहिलंय, सांगतंय ते ऐकून तर घे."

काका नंतर जेवले नाहीत. आईस्क्रीमही घेतलं नाही. घरी जाईपर्यंत काकू माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्याचं मला वाईट वाटलं, त्यांचा काही संबंध नव्हता. पण जे बोललो ते मी आजही परत बोलीन. घरच्या माणसाच्या कष्टाच्या पैशाला पंगतीत विष म्हणायचं आणि पंधरा वर्षं ते मागं घ्यायचं नाही, हे मला चालत नाही. काकांचा मुलगा इथे वाचतो, त्याने हे त्यांना दाखवलं तरी चालेल.

काय मागवावं ते राहिलंच. पहिल्या भेटीत व्हेज फ्राइड राइस, हक्का नूडल्स, एक ड्राय, बास. ट्रिपल शेजवान पहिल्यांदा मागवू नका, त्या चटणीखाली भात कसा आहे ते कळतच नाही. शेजवानचा रंग बघा, मिरचीचा लाल जरा मातकट असतो, भडक गुलाबी-लाल असेल आणि प्लेट पुसल्यावर डाग राहत असेल तर रंग आहे, उठा तिथनं. २०२४ मध्ये कर्नाटकने गोबी मंचुरियनमधल्या असल्या रंगांवर बंदी घातली ती उगाच नाही.

आणि "हे खरं चायनीज नाही" म्हणणारा कोणी बरोबर असेल (आमच्यात पुण्याचा मावसभाऊ आहे) तर त्याला सांगा की चिकन मंचुरियन मुंबईत जन्मलंय, १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी केलं, ते स्वतः कोलकात्याच्या चिनी घरातले. आलं, लसूण, हिरवी मिरची आपलीच, फक्त गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. दोन्हीकडच्या माणसांच्या हातचं आहे ते, खोटं कशाने झालं?

हां, एक सांगायचं राहिलं, बाबांना बीपी असेल तर जपा. अजिनोमोटोपेक्षा सोया सॉसमुळे. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलीग्रॅम सोडियम असतं आणि दिवसाला २००० च्या आत ठेवा म्हणतात, त्यात मीठ वेगळं. सॉस कमी टाका असं सांगा, ऐकतात. आणि बाबांना खरंच त्रास होतो असं त्यांचं म्हणणं असेल तर टेबलावर वाद घालत बसू नका, बिगर अजिनोमोटोचं मागवा, मिळतं. मी घातला वाद, पण माझं कारण वेगळं होतं.

शक्यतो साडेसातला जाऊन बसा. रविवारी नऊनंतर गर्दीत कढई नीट तापू देत नाहीत, एकदम चार प्लेटचा भात टाकतात, आणि मग तो भाजत नाही, नुसता वाफवतो. आण्णा आता दर पंधरा दिवसांनी स्वतःच जातात, हाफ फ्राइड राइस पार्सल, तिखट कमी. काउंटरवर पैसे द्यायच्या आधी विचारतात, "भात आज दुपारचाच ना?"