आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव मोफत जागेवर) मुलीचा नंबर मोठ्या खासगी शाळेत लागलाय, तिथे तिला वेगळं वागवतील का?

वागवतील. पण म्हणून प्रवेश सोडू नका.

मी घणसोलीचा, आगरी. मुलगा २०१७ ला आरटीईतून नवी मुंबईतल्या एका नावाजलेल्या शाळेत पहिलीला लागला. दुसरीत असताना सहलीची चिठ्ठी सगळ्या वर्गाला मिळाली, याला नाही. बाई म्हणाल्या, "आरटीईवाल्यांना परवडत नाही, म्हणून दिली नाही." पोरानं घरी येऊन विचारलं, "पप्पा, आरटीई ही आपली जात आहे का?"

पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, तर एक मॅडम उत्तरल्या, "आमच्या फीवर तुमची मुलं शिकतात, अजून काय हवं?" तेव्हा गप्प बसलो. आज बोलतो. आमच्या पोरांची फी सरकार भरतं (थकवतं, हा शाळांचा राग खरा आहे). शिवाय सवलतीची जमीन घेताना ज्या शाळेवर काही मुलं फुकट शिकवायची अट पडली, तिला तेवढ्या मुलांचे पैसे सरकारकडे मागताच येत नाहीत. २००९ च्या कायद्यात कलम १२ वाचा. आणि नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं शाळांना दिलेली जमीन आली कुठून? ९५ गावांची भातशेती, मिठागरं. १९८४ ला जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, ५ जण गेले, ते या जमिनीच्या मोबदल्यासाठीच. माझ्या आज्याच्या शेतात आज स्कूलबस उभ्या राहतात. कोण कुणाच्या जिवावर शिकतंय, मॅडम?

२०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला आरटीईतून सूट. त्याच ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. जुलैत उच्च न्यायालयानं नियम रद्द केला, तेव्हा सगळे चिडीचूप.

आता आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. मी शाळेत होतो तेव्हा बौद्धवाड्यातल्या पोरांच्या डब्याला आम्ही हात लावत नव्हतो. पोराच्या त्या प्रश्नानंतर तीन रात्री तेच आठवत होतं.

तुमचं विचाराल तर, मुलीला वेगळं बसवलं किंवा वगळलं तर तोंडी भांडू नका. मी भांडलो, काही झालं नाही. महापालिकेच्या शिक्षण विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि हो, फुकट आठवीपर्यंतच. माझा आता नववीत आहे. यंदापासून फी मीच भरतो. पावती अजून ग्रुपवर टाकलेली नाही.