आधी काम द्या, करमणूक नंतर

प्रश्न : आमच्या वृद्धाश्रमात २४ आजी-आजोबा आहेत. सकाळी भजन, दुपारी टीव्ही, रविवारी अंताक्षरी. सहा-सातजणच येऊन बसतात, बाकीचे खोलीतून हलत नाहीत. आणखी काय घेता येईल?
– व्यवस्थापिका, सातारा जिल्हा

उत्तर : जे येत नाहीत, त्यांना गाण्यांचं वावडं असतं असं नाही. पंख्याची घरघर आणि वीस जणांचा गलका यांत कमी ऐकू येणाऱ्याला काहीच कळत नाही, म्हणून तो उठून जातो. पाच-सहाजणांचा गट करा, पंखा मंद ठेवा, वेळ नाश्त्यानंतरची, अर्धा-पाऊण तास पुरे. जेवणानंतर कुणाला बसवू नका.

प्रत्येकाचं एक पान तयार करा : कशी हाक मारलेली आवडते, पूर्वी काय काम केलं, कोणता हात नीट चालतो, चष्मा नि कानाचं यंत्र आहे का. हिशेबाची सवय असलेल्या आजोबांना बालवाडीतल्यासारखी चित्रं रंगवायला दिली, तर ते दुखावतात. त्यांच्याकडे दुधाच्या रतीबाची वही सोपवा. ज्या कामावाचून आश्रमाचं अडतं, त्याच कामात माणसाचं मन रमतं.

मेथी लावून बघा. चार-पाच इंच खोल ट्रे घ्या, तळाला भोकं हवीतच. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत समप्रमाणात भरा. रात्रभर भिजवलेले दाणे पसरून वर पाव इंच माती टाका. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, तीन-चार आठवड्यांत भाजी खुडायला येते. टेबलाखाली व्हीलचेअरवरचे गुडघे जायला हवेत, म्हणजे साधारण ७० सेंटिमीटर मोकळी उंची लागते. मधुमेहींना हातमोजे द्या. बोटांची संवेदना कमी झाली असेल तर जखम झालेली कळत नाही.

हा प्रयोग फसतो तो बहुधा पाण्यामुळे. येणारा-जाणारा मायेने तांब्याभर ओततो, रोपं मुळाशी कुजतात आणि सगळे हिरमुसतात. म्हणून रोज एकाचीच पाळी लावा, नाव फळ्यावर ठळक लिहा. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी घालायचं, हे त्या दिवसाच्या माणसाला ठरवू द्या. खुडलेली भाजी त्याच दिवशी जेवणात यायला हवी आणि कुणी पिकवली ते पंगतीत सांगायला हवं.

प्रश्न : विस्मरणाचा आजार असलेल्या एक आजी मटार सोलताना दाणे तोंडात टाकतात. संध्याकाळी ‘घरी स्वयंपाक राहिलाय’ म्हणत दाराशी जातात. त्यांना काय द्यावं?

उत्तर : मटार, मणी, बटणं बंद करा, घशात अडकण्याची भीती खरी आहे. एकाच मापाचे दहा-बारा नॅपकिन घडी घालायला द्या. ‘घडी घाला’ एवढं म्हणून भागत नाही. पहिला अर्धा दुमडून त्यांच्या हातात ठेवा, पुढचं हात आपसूक करतात. एका वेळी एकच सूचना द्या. घडी वाकडी आली तरी त्यांच्यासमोर उलगडू नका, तसाच वापरा.

घालमेल सुरू होण्याआधी, चारच्या सुमारास, हे काम समोर ठेवा आणि अंधारायच्या आत दिवे लावा. ‘तुमचं घर आता इथेच’ असा वाद घालू नका. ‘आज काय करणार होता?’ विचारा, पिठलं म्हणाल्या तर पिठल्यावरच बोला. त्या एकाएकी नेहमीपेक्षा जास्त गोंधळल्या, तर मात्र काम बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा सांगता न येणारं दुखणं अनेकदा असंच बाहेर पडतं.