भिंतीवरची चित्रं सोडा, बाईंचा आवाज ऐका

यावेळी नर्सरीवरचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकाला ढकललेत. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मुलगी आता तीनची होईल. चार नर्सऱ्या बघून आलो. एक म्हणते आम्ही मॉन्टेसरी, दुसरी प्लेवे, म्हणजे खेळातून शिकवणं, तिसरीच्या ब्रोशरवर रेजिओ एमिलिया लिहिलंय आणि चौथी म्हणते आमच्याकडे सगळं मिक्स. भिंती मात्र चारही ठिकाणी सारख्याच रंगवलेल्या. ठरवायचं कशावरून?

उत्तर: पाटीवरून तर अजिबात नाही. मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरबाईंनी १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत पहिलं बालघर काढलं, पण त्यांचं नाव लावायला बहुतेक ठिकाणी कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे पाटी खरी का खोटी हे आत जाऊनच बघावं लागतं. खऱ्या मॉन्टेसरी वर्गात तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात, साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा बुटक्या शेल्फवर उघडं मांडलेलं असतं, आणि मूल एकच काम मन भरेपर्यंत करू शकतं, मधे घंटा वाजत नाही. साहित्य काचेच्या कपाटात कुलूपबंद असेल आणि फक्त पालक आले की बाहेर निघत असेल तर समजून जा. रेजिओ एमिलिया हे इटलीतलं शहर, दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या पालकांनी उभारलेल्या बालशाळांमधून ती पद्धत आली, लोरिस मालागुत्सी हे तिचे मुख्य शिक्षक. तिथे मुलांच्या प्रश्नातून प्रोजेक्ट निघतो आणि मुलं काय बोलली काय केलं याची नोंद ठेवतात. म्हणजे तशी नर्सरी असेल तर भिंतीवर मुलांनी काढलेली, एकमेकांसारखी न दिसणारी चित्रं आणि त्यांची वाक्यं दिसायला हवीत. वीस मुलांची वीस फुलपाखरं अगदी एका मापाची कापलेली दिसली तर ती बाईंनी कापलीत, मुलांनी फक्त गोंद लावलाय.

पण खरं सांगू का, यातली कुठलीही पद्धत चांगल्या बाईंच्या हातात चांगली चालते आणि वाईट हातात कुठलीच चालत नाही. म्हणून माझं म्हणणं एकच, मुलं वर्गात असताना जा आणि कोपऱ्यात तासभर गप्प बसा. रिकाम्या वर्गाची टूर देणाऱ्यांना सांगा की आम्हाला चालू वर्ग बघायचाय, आणि तेवढंही नाही म्हणत असतील तर तिथून निघा. बसल्यावर कान देऊन ऐका. बाई मुलाशी बोलताना खाली बसतात का, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात का, मुलानं काही दाखवलं तर "छान छान" म्हणून पुढे जातात का त्यावर काही विचारतात, आणि विचारलं तर उत्तराची वाट बघतात का? लहान मुलाला उत्तर जुळवायला आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो आणि बहुतेक मोठी माणसं त्याआधीच स्वतः उत्तर देऊन मोकळी होतात. हे असं मूल काहीतरी म्हणणार, मोठं माणूस त्याला धरून उत्तर देणार, मूल परत काहीतरी म्हणणार, या देवाणघेवाणीतूनच या वयात भाषा आणि विचार वाढतात. वर्गात जर आवाज फक्त बाईंचाच येत असेल, बसा उठा रांग करा बोट ओठावर, तर तिथे शिस्त असेल पण शिक्षण फार कमी आहे.

मग मोजा. किती मुलांमागे किती मोठी माणसं? अंदाज यावा म्हणून सांगते, इंग्लंडच्या नियमात दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक, दोन वर्षांच्या पाचांमागे एक आणि तीनच्या पुढे साधारण आठांमागे एक मोठं माणूस लागतं, शिक्षकाची पदवी असलेली व्यक्ती वर्गात शिकवत असेल तर तेरापर्यंत चालतं. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, पण तीस मुलं आणि एक बाई असं चित्र असेल तर ती बाई देवमाणूस असली तरी तिला जमणार नाही.

आणि हा प्रश्न जरूर विचारा: इथे सगळ्यात जुन्या बाई किती वर्षांपासून आहेत? दर दोनतीन महिन्यांनी टीचर बदलत असतील तर मुलानं जीव लावायचा कुणाला?

बाकी टॉयलेट स्वच्छ आहे का, मूल घ्यायला कोण आलं हे तपासतात का, रोज बाहेर मोकळं पळायला मिळतं का, हे बघालच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १८० मिनिटं तरी हालचाल हवी, आणि त्यातली ६० चांगली धावपळीची. वर्गात टीव्ही लावून कविता दाखवतात त्यात यातलं काहीच होत नाही.

प्रश्न: मुलगा साडेतीनचा. शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा शंभरपर्यंत अंक म्हणतो, अक्षरं गिरवतो, त्याच्या नर्सरीत रोज वर्कशीट आणि होमवर्क असतं. आमचा नुसता खेळतो. नर्सरी बदलू का?

उत्तर: नका बदलू. आधी एक गंमत करून बघा. शेजारच्या मुलाला म्हणा, मला यातले पाच ठोकळे दे. शंभरपर्यंत म्हणणारी बरीच मुलं मूठभर ठोकळे उचलून देतात, कारण अंक म्हणणं हे गाणं पाठ करण्यासारखं आहे आणि पाच म्हणजे नेमके किती हे कळणं ही वेगळीच गोष्ट आहे, ती जिना चढताना, वाट्या मांडताना, खेळणी वाटून घेताना हळूहळू येते. तुमचा मुलगा खेळतो तेव्हा हेच करत असतो.

गिरवण्याबद्दल तर मला रागच येतो. या वयात मनगटातली सगळी हाडं अजून पक्की झालेलीच नसतात, काही जागी अजून कूर्चाच असते, आणि बोटांआधी खांदा आणि दंड यांची ताकद यावी लागते. म्हणून लटकणं, चढणं, माती मळणं, कात्रीनं कागद कापणं, मोठ्या खडूनं जमिनीवर रेघोट्या मारणं, हीच लिहिण्याची तयारी. ती न होता पेन्सिल हातात दिली की मूल ती कशीतरी मुठीत आवळून धरतं, हात दुखतो, आणि चार वर्षांच्या पोराला लिहायचा कंटाळा येऊन बसतो.

अमेरिकेत मिशिगनमधल्या यप्सिलांटी गावी १९६२ पासून पेरी प्रीस्कूलचा एक अभ्यास झाला. गरीब घरातली १२३ मुलं, त्यातल्या ५८ जणांना चांगली बालशाळा मिळाली, बाकीच्यांना नाही, आणि मग त्यांना चाळिशीपर्यंत आणि त्याच्याही पुढे विचारत राहिले. बालशाळेतल्या मुलांचा बुद्ध्यांक सुरुवातीला चांगला वर गेला पण काही वर्षांत तो फरक पुसला गेला. आता एवढंच बघितलं असतं तर सगळे म्हणाले असते पैसे वाया गेले. पण हीच मुलं मोठेपणी जास्त प्रमाणात शाळा पूर्ण करून बाहेर पडली, जास्त कमावती झाली आणि पोलिसांच्या तावडीत कमी सापडली. अभ्यास छोटा आहे, मान्य, पण टिकलं ते काय हे बघा ना. त्या बालशाळेत मुलं आज काय करायचं ते आधी ठरवायची, मग करायची, मग काय केलं ते सांगायची. वर्कशीटचे ढीग नव्हते.

प्रश्न: नर्सरीत सीसीटीव्ही आहे आणि मोबाईलवर लाइव्ह दिसतं. मग काळजी नाही ना?

उत्तर: असला तर असू दे. पण कॅमेऱ्यात बाईंच्या आवाजातला वैताग दिसत नाही, आणि ऑफिसात बसून दिवसभर स्क्रीन बघणारी आई संध्याकाळी मुलाला "तू आज असं का केलंस" विचारायला लागते ते आणखी वेगळंच.

प्रश्न: अडीच वर्षांची लेक सोडताना ऊर फुटेस्तोवर रडते. बाई म्हणतात तुम्ही गुपचूप निघून जात जा, पाच मिनिटांत गप्प होते. सासूबाई म्हणतात काढून टाक. काय करू?

उत्तर: गुपचूप निघू नका. एकदा असं झालं की मूल पुढच्या वेळी तुमच्यावर डोळा ठेवून बसतं, खेळायला जातच नाही. सांगून निघा, छोटं सांगा, "खेळून झालं की मी येते", पापी घ्या आणि निघा, दारात पंधरा मिनिटं रेंगाळू नका. आणि सांगितलेल्या वेळेला पोचा. पहिले काही दिवस थोडा वेळ आई तिथेच, मग थोडा वेळ बाहेर, मग वाढवत जायचं, असं रुळवणं चांगल्या नर्सऱ्या स्वतःहून करतात. रोज तिला हातात घेणारी एकच ठरलेली बाई मागून घ्या.

गप्प होते हे बाईंचं म्हणणं खरं असेल, पण गप्प झाली म्हणजे रुळली असं नाही. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी दवाखान्यात आईबापांशिवाय राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीची फिल्म काढली. तेव्हा दवाखान्यातले लोक शांत मुलाला "रुळलं" म्हणायचे, आणि फिल्ममध्ये त्या शांततेच्या मागचं दुःख दिसलं. तुमच्या लेकीचे काही तास आणि तो दवाखाना एक नव्हे, घाबरू नका. पण बाईंना विचारा की गप्प झाल्यावर ती काय करते. खेळते, दुसऱ्यांशी बोलते, बाईंच्या मांडीवर जाऊन बसते, असं उत्तर आलं तर उत्तम. नुसती कोपऱ्यात बसते असं असेल आणि बरेच आठवडे तसंच राहिलं, त्यात घरी झोप-जेवणही बिघडलं, तर सासूबाईंचं ऐका, काही महिने थांबून परत बघा. तीनच्या आधी नर्सरी चुकली म्हणून कुणाचं शिक्षण अडत नाही, घरी बोलणारं आणि खेळणारं माणूस असलं की झालं.

प्रश्न: मी आजोबा आहे. नातवाच्या नर्सरीनं सांगितलंय की घरीही इंग्रजीतच बोला. सूनबाईंना पटलंय. मला तोडकं मोडकं येतं. मी गप्प बसू का?

उत्तर: काका, तुम्ही गप्प बसलात तर नातवाचं मोठं नुकसान होईल. मुलाला भाषा मिळते ती ओघवत्या, भरपूर, जिव्हाळ्याच्या बोलण्यातून, आणि ते तुम्ही तुमच्याच भाषेत करू शकता. लहान मुलं दोन भाषा सहज पेलतात, थोडे दिवस सरमिसळ करतात तो गोंधळ नसतो. घरच्या भाषेत गोष्ट सांगता येणारं मूल दुसऱ्या भाषेतही गोष्ट सांगायला लवकर शिकतं. सूनबाईंना हा अंक वाचायला द्या, मी वाईटपणा घेते.

प्रश्न: मुलाला नर्सरीत दुसऱ्या मुलानं दोनदा चावलं. नर्सरी त्या मुलाचं नाव सांगत नाही. हे लपवणं नाही का?

उत्तर: नाही, नाव न सांगणं बरोबरच आहे, उद्या तुमचाही चावू शकतो. एक ते तीन वर्षांत चावणं बऱ्याच मुलांत दिसतं, शब्द नसतात, खेळणं हिसकावलेलं असतं, दात येत असतात. तुम्ही विचारायचं ते हे: कधी झालं, त्याआधी काय चाललं होतं, जवळ मोठं कोण होतं, आणि आता तुम्ही काय बदलणार? एकाच खेळण्यावर भांडण होत असेल तर तसली दोन ठेवणार का, दमलेल्या वेळी होत असेल तर आधी झोपवणार का? जखम घरी गेल्यावर तुम्हालाच दिसली आणि नर्सरीला पत्ताच नव्हता, असं असेल तर मात्र सरळ मुख्य बाईंकडे जा आणि घटनेची नोंदवही दाखवा म्हणा.